मिस्त्रींचं मिनिट

शर्यतीची गाडी थांबल्यावर चालक आधी कुणाकडे जातो, त्यावरून त्या संघात कुणाचं वजन आहे ते ओळखावं. मिस्त्रींच्या संघात अठरा वर्षं हा प्रश्नच नव्हता. तीन चालक आले आणि गेले. तिघेही गाडीतून उतरले की हेल्मेट काखेत मारून आधी मिस्त्रींसमोर उभे राहायचे आणि इंजिनाची गाऱ्हाणी सांगायचे. चौथी चालक आली ती मिस्त्रींची स्वतःची मुलगी. शर्यतीच्या कागदांवर तिचं नाव काय असेल ते असो, घरात ती चिमी, म्हणून कारखान्यातही चिमीच. तीही दोन वर्षं उतरल्या उतरल्या बापाकडे यायची. "बाबा, चौथ्या गिअरला याचा घसा बसतोय," म्हणायची, आणि मिस्त्री डोळे मिटून, इंजिनाला कान देऊन तो घसा मोकळा करायचे. त्या दोन वर्षांत मिस्त्रींइतका सुखी माणूस त्या रस्त्यावर दुसरा नव्हता, आणि ही गोष्ट ते येताजाता लोकांना ऐकवतही असत.

यंदा चिमी गाडीतून उतरायची आणि तडक बॅटरीवालीकडे जायची.

बॅटरीवाली म्हणजे नव्या इंजिनाबरोबर आलेली इंजिनिअर. तिशीची, आखूड केसांची, दिवसभर लॅपटॉप कडेवर घेऊन हिंडणारी. बाकीचे सगळे तिला प्रेमानं बॅटरीताई म्हणत. मिस्त्री तोंडावर काहीच म्हणत नसत आणि मनात बॅटरीवाली म्हणत.

यंदापासून शर्यतीत हायब्रिड गाड्यांना परवानगी मिळाली होती. जुनी इंजिनंही चालणार होती, पण मालकांना दम कुठला. त्यांनी जुनं इंजिन ताडपत्रीखाली झाकलं आणि हायब्रिड आणलं. प्रकार साधा होता. पेट्रोलचं इंजिन होतं तसंच, जोडीला विजेची एक मोटर. ब्रेक दाबला की बॅटरी भरते, वळणातून बाहेर पडताना मोटर तीच वीज वापरून गाडीला पुढे रेटते. दोघांत काम वाटून द्यायला एक काळा डबा, म्हणजे संगणक. त्या डब्याजवळ इंजिनाचा तक्ता असतो. पेडल इतकं दाबलं तर इंजिन इतकं ओढणार, हे सगळं आकड्यांत. मिस्त्रींनी हे पहिल्याच दिवशी समजून घेतलं आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या पोटात दुखायला लागलं. अठरा वर्षं इंजिन काय करणार हे फक्त त्यांना माहीत असायचं. आता ते एका डब्याला माहीत होतं, आणि डबा बॅटरीवालीचा होता.

त्यात तो नारिंगी प्लग. बॅटरीतली वीज माणसाला जागच्या जागी आडवा करील इतकी, म्हणून तो मुठीएवढा प्लग उपसल्याशिवाय गाडीला कुणी हात लावायचा नाही असा नियम. उपसलेला प्लग बॅटरीवाली दोरीत ओवून गळ्यात घालायची. म्हणजे आपल्याच कारखान्यात, आपल्याच इंजिनाजवळ जायला मिस्त्रींना आधी तिच्या गळ्याकडे बघावं लागायचं. "आता चालेल, काका," ती अदबीनं म्हणायची. त्या अदबीनंच मिस्त्रींचा तिळपापड व्हायचा. उद्धट असती तर निदान चार शब्द सुनावता तरी आले असते.

घरी तर आणखी वैताग. जेवायला बसलं की चिमी सुरू.

"ताई म्हणते, मी ब्रेक थोडा आधी दाबला तर बॅटरी जास्त भरेल. ताई म्हणते, डावीकडच्या वळणात मी घाई करते."

"ताई गाडी चालवते का?" मिस्त्री विचारायचे.

"नाही, पण तिच्याकडे आकडे आहेत ना, बाबा."

"माझ्याकडे कान आहेत."

"कान आहेत हो," मिस्त्रींची बायको मध्येच म्हणायची, "फक्त इंजिनासाठी राखून ठेवलेत. मी सकाळपासून नळ गळतोय म्हणून सांगतेय." आणि मग चिमी पाणी प्यायला उठली की हळूच, "ती पोरगी तुमच्या डोळ्यांत खुपते, हे कबूल करून टाका. बरं वाटेल."

मिस्त्री कबूल करणाऱ्यांतले नव्हते.

आता मिनिटाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या मिनिटात झालं. शर्यत सुरू होण्याआधी, गाडी बाहेर काढताना, मिस्त्रींना इंजिनाजवळ एक मिनिट एकट्याला मिळायचं. त्या मिनिटात संघातल्या सगळ्यांनी गाडीकडे पाठ करून उभं राहायचं, मालकांनीसुद्धा. फार वर्षांपूर्वी दुसऱ्या संघाच्या एका माणसानं मिस्त्री काय करतात ते डोकावून पाहिलं होतं आणि पुढच्या शर्यतीत त्यांच्याच युक्तीनं त्यांना हरवलं होतं. तेव्हापासून ही रीत. मिस्त्री काय करायचे? इंजिनाच्या बगलेला, जुन्याला तसा नव्यालाही, पेट्रोलचा दाब कमीजास्त करणारा एक स्क्रू होता. तो ते पाव आटा पिळायचे. कधी पावाहून किंचित कमी, हवा कशी आहे ते बघून. बस्स, एवढंच. इंजिनाला जरा जास्त पेट्रोल मिळायचं आणि ते मोकळ्या गळ्यानं गायला लागायचं. शर्यत संपली की बॉनेट दुसऱ्या कुणी उघडायच्या आत मिस्त्री तो स्क्रू परत मूळच्या खुणेवर आणून ठेवायचे. अठरा वर्षांत हे बायकोला माहीत नव्हतं, मुलीलाही नाही.

नवी गाडी पहिल्या शर्यतीत सहाव्या फेरीला मेली. म्हणजे बंद पडली नाही. विजेची मोटर अचानक सुटली आणि इंजिन एकटंच त्या बॅटरीचं ओझं ओढत बसलं. चिमी शेवटून दुसरी आली. दुसऱ्या शर्यतीत तेच, आणि नको त्या जागी. ती एका गाडीला मागे टाकत वळणातून बाहेर पडत होती, तेवढ्यात मोटर सुटली. मागून येणारी गाडी तिच्या चाकापासून वीतभर अंतरावरून सणसणत गेली. कठड्याशी उभ्या असलेल्या मिस्त्रींच्या हातातलं घड्याळ खाली पडून फुटलं. तिसऱ्या शर्यतीत चौथ्याच फेरीला.

गंमत अशी की सरावाच्या दोन-चार फेऱ्यांत गाडी अगदी गुणी. सोमवारी कारखान्यात, चाकं जागच्या जागी फिरवणाऱ्या रोलरवर चढवली की तिथंही गुणी. शर्यतीच्या दिवशीच तिला काय व्हायचं ते कुणाला कळेना. बॅटरीवालीनं केबली बदलल्या, पंखा मोठा बसवला, जोड उघडून पुन्हा बांधले. टायरवाल्याचं म्हणणं पडलं की उन्हानं होतंय. मालकांना वाटायचं, चिमीच शर्यतीत बिचकत असेल. डब्यात मात्र दर वेळी एकच नोंद सापडायची, आणि ती बॅटरीवालीनं सगळ्यांसमोर वाचून दाखवली होती.

"इंजिन तक्त्याप्रमाणे ओढत नाहीये. जास्त ओढतंय. डब्याला वाटतं काहीतरी तुटलंय, म्हणून तो गाडीला जपायला मोटर सोडून देतो."

"इंजिन जास्त ओढतंय ही तक्रार मी जन्मात पहिल्यांदा ऐकतोय," मिस्त्री म्हणाले. सगळे हसले.

"तसं नाही, काका. पेट्रोलचा दाब मोजणारं एक यंत्र बसवलं तर—"

"आणखी वायरी माझ्या इंजिनाला नकोत. तुझा तक्ता तपास."

 ती चाचरत म्हणाली, "एक विचारू? शर्यतीच्या आधी तुम्ही त्या मिनिटात नेमकं काय करता?"

 टायरवाल्यानं कपाळाला हात लावला. मिस्त्रींनी हातातल्या चिंधीला बोटं पुसली, सावकाश.

"इंजिनाची विचारपूस करतो. बाबा रे, तुला नवीन माणसं त्रास तर देत नाहीत ना, असं विचारतो."

पुन्हा हशा पिकला. सगळ्यांत मोठ्यानं हसले ते मालक. बॅटरीवालीचे कान लाल झाले आणि तिनं माफी मागितली. फक्त चिमी हसली नाही. तिनं जाऊन बॅटरीवालीच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात मिस्त्रींना दिवसभर दिसत राहिला.

तिसरी शर्यत हातची गेल्यावर मालकांनी निकाल देऊन टाकला. आणखी एक शर्यत. त्यात गाडी मेली तर ताडपत्री काढायची, जुनं इंजिन बसवायचं, आणि बॅटरीताईंनी आपला लॅपटॉप घेऊन दुसरीकडे काम बघायचं. मालक बोलले तेव्हा मिस्त्री मान खाली घालून उभे होते. दुःखी दिसत होते. आतून त्यांना इतकं हलकं वाटत होतं की घरी जाऊन त्यांनी तो गळका नळ दुरुस्त केला.

त्यानंतर दाढेनं डोकं वर काढलं. शर्यतीला दहा दिवस उरले असताना पूर्ण अंतराची रंगीत तालीम ठरली होती. तालीम म्हणजे सगळं शर्यतीसारखं, मिनिटासकट. अशा दोन तालमी आधी झाल्या होत्या आणि दोन्हीत गाडी मेली होती. पण या खेपेला मिस्त्रींचा गाल सकाळी एवढा सुजला की बायकोनं त्यांना धरून दातांच्या डॉक्टरकडे नेलं. दाढ काढून, तोंडात कापूस कोंबून ते घरी पडून राहिले. संध्याकाळी चिमी आली ती दारातूनच ओरडत.

"बाबा! चाळीस फेऱ्या! चाळीसच्या चाळीस! एकदाही सुटली नाही! आजवरची माझी सगळ्यांत जलद फेरी!"

तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले आणि दुखऱ्या गालाला धक्का लागला तशी "सॉरी, सॉरी" करत बाजूला झाली. मिस्त्रींनी हसायचा प्रयत्न केला. मुलगी इतकी खूश झालेली पाहून बापाला काय वाटावं? मिस्त्रींना वाटलं ते एवढंच की, मी नव्हतो आणि गाडी पळाली. कापसामुळे बोलता येत नव्हतं तेच बरं झालं.

"ताई रडली, माहितीये? मी पण," चिमी म्हणाली. "तिला कळत नाहीये आज काय वेगळं झालं. आम्ही सगळं तेच केलं होतं."

सगळं तेच. मिस्त्रींच्या जिभेचं टोक दाढेच्या खड्ड्याकडे गेलं आणि तिथंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांच्या आधी कारखान्यात गेले. पण प्लग होता बॅटरीवालीकडे, आणि ती त्यांच्याही आधी येऊन तालमीचे आकडे वाचत बसली होती.

"गाडी रोलरवरच आहे ना? जरा आवाज ऐकायचाय," मिस्त्री म्हणाले.

"घ्या ना, काका." तिनं नियम वगैरे काही सांगितलं नाही. गळ्यातला प्लग काढून सरळ त्यांच्या हातात दिला. "दाढ दुखतेय का अजून? मी तुमच्यासाठी कोमट चहा आणते, गरम नको."

ती गेली. मिस्त्रींनी स्क्रू खुणेवर असल्याची खात्री केली, प्लग बसवला, गाडी सुरू केली, पेडलवर पाय ठेवला. मोटर आणि इंजिन एकदिलानं ओढत होती. गाडी बंद करून त्यांनी प्लग उपसला, स्क्रू पाव आटा पिळला आणि पुन्हा सुरू केली. इंजिन गायला लागलं. वाह, काय गात होतं! पेडल थोडं दाबलं, तोवर ठीक. शर्यतीत दाबतात तसं तळापर्यंत दाबून धरलं आणि काही वेळातच डब्यावरचा लाल दिवा लागला. मोटर सुटली.

स्क्रू खुणेवर. दिवा नाही. पाव आटा. लाल दिवा. आणखी एकदा करून पाहायची गरज नव्हती, तरी त्यांनी पाहिलं. पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती कशी, हे मिस्त्रींना त्या दिवशी कळलं. तीन शर्यती आपणच मारल्या होत्या. त्या वळणावर चिमीची गाडी वीतभरानं वाचली होती, ती आपल्याच बोटांमुळे तशी अडली होती.

ती दोन कप घेऊन आली तेव्हा स्क्रू खुणेवर होता आणि गाडी शांत.

"काही सापडलं, काका?"

किती सोपं होतं. "हो," एवढं एकच अक्षर. तिचे डोळे झोप नसल्यानं सुजलेले होते. कारखान्याच्या दारातून चिमी आत येत होती, आणि आत येता येता तिनं हाक मारली ती अशी:

"ताई! आलीस पण?"

बाप समोर उभा होता. हाक ताईला.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "काही नाही सापडलं." आणि चहा घेतला.

पुढचे नऊ दिवस मिस्त्री मूग गिळून बसले. मनाला समजावायला कारणांना तोटा नसतो. एकदा वाटायचं, सांगायचंच आहे, पण योग्य वेळी. एकदा वाटायचं, चूक डब्याचीच. चांगलं इंजिन ज्याला आजारी वाटतं तो डबा काय कामाचा. खरं कारण त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका शर्यतीपुरतं तोंड बंद ठेवलं की बॅटरीवाली जाणार होती, ताडपत्री निघणार होती आणि चिमी पुन्हा उतरल्या उतरल्या त्यांच्यापुढे येऊन उभी राहणार होती. बॅटरीवालीनं त्या नऊ दिवसांत सगळी गाडी दोनदा उघडून बांधली. एकदा ती सामानाच्या खोलीत कपाटामागे उभी राहून रडत होती आणि चिमी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मिस्त्री तिथं नट घ्यायला गेले होते. नट न घेताच परतले. कीव आली असेल, असं कुणालाही वाटेल. त्यांना हेवा वाटला. आपल्या पाठीवरून या पोरीनं असा हात कधी फिरवला होता, ते आठवत ते दिवसभर हातोड्या इकडच्या तिकडे करत होते.

शर्यतीच्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. मालकांनी नवा शर्ट घातला होता आणि कुणाशी बोलत नव्हते. गाडी बाहेर काढायची वेळ झाली. बॅटरीवालीनं प्लग उपसला, गळ्यात घातला.

"तुमचं मिनिट, काका," ती म्हणाली आणि सगळ्यांच्या आधी तिनंच पाठ केली. ओळीनं सगळ्यांच्या पाठी. चिमी आत पट्टे बांधून बसलेली. उघड्या बॉनेटमुळे तिला पुढचं काही दिसत नव्हतं.

मिस्त्रींनी पाना लावला. हाताला सवय होती, हात विचारत नाही. त्यांना फक्त नेहमीचंच करायचं होतं. पकडलं जायचं भय नव्हतं. खोटं बोलावं लागणार नव्हतं. अठरा वर्षं केलं तेच. समोर बॅटरीवालीची पाठ होती, कुर्त्यावर तेलाचा डाग, मानेवर प्लगच्या दोरीचा वळ. त्यांना तिची दया आली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण अशा वेळी दया आली असं सांगायची पद्धत आहे. त्यांना आठवलं ते वळण आणि ती वीतभर जागा. पाना स्क्रूवर, आणि बोटं काही केल्या वळेनात.

"बाबा, झालं का?" आतून चिमीचा दबका आवाज आला.

"झालं," मिस्त्री म्हणाले आणि पाना खिशात टाकला. स्क्रू खुणेवरच होता.

ती शर्यत त्या संघातल्या लोकांनी पुढे किती जणांना सांगितली असेल याची गणतीच नाही. चिमी सातव्या जागेवरून निघाली. सहावी फेरी गेली, दहावी गेली, मोटर सुटली नाही. प्रत्येक वळणातून गाडी कुणीतरी मागून ढकलल्यासारखी बाहेर पडत होती. विसाव्या फेरीला ती चौथी होती. टायरवाला कठड्यावर चढून ओरडत होता, मालकांनी नव्या शर्टाच्या बाह्या तोंडात कोंबल्या होत्या. ज्या वळणावर दुसऱ्या शर्यतीत जीव टांगणीला लागला होता, त्याच वळणावर चिमीनं दोघांना मागे टाकलं. ती दुसरी आली. पहिल्या गाडीत आणि तिच्यात एका टाळीचं अंतर होतं.

गाडी आली, थांबली. बॅटरीवाली प्लग उपसून बाजूला झाली.  चिमी उतरली, हेल्मेट काढलं, आणि धावली ती सरळ बापाकडे. सगळ्या जगासमोर तिनं मिस्त्रींना कवेत घेतलं.

"बाबा, आज काय केलंत हो! इंजिन इतकं गुळगुळीत कधीच चाललं नव्हतं. तुमचा हात, बाबा!"

झालं. तीन महिने ज्यासाठी आतल्या आत जळत होते, ते हे. पोरीचे घामेजलेले केस त्यांच्या हनुवटीला लागत होते. मिस्त्रींनी तिला घट्ट धरलं.

"मी म्हटलंच होतं," मालक आले, मिस्त्रींच्या पाठीवर थाप मारत. "तालमीला नुसती पळाली, पण शर्यतीत पळवली ती मिस्त्रींनी. त्या डब्यालाही शेवटी यांच्याच हातानं ताळ्यावर आणलं." मग ते बॅटरीवालीकडे वळले. आवाज मऊ होता, पण बोलणं मऊ नव्हतं. "ताई, तुम्ही मेहनत केलीत, नाही म्हणत नाही. पण तीन शर्यती तुम्हाला दोष सापडला नाही. इथून पुढे गाडी मिस्त्रींच्या हातात राहू दे. तुमचं आपण उद्या बोलू."

बॅटरीवालीनं मान हलवली. भांडली नाही. "गाडी पळाली ना," ती म्हणाली, "मग झालं," आणि लॅपटॉपची वायर गुंडाळायला लागली.

चिमीचा हात अजून मिस्त्रींच्या खांद्यावर होता. त्या हाताचं वजन त्यांना जाणवत होतं. आणखी थोडा वेळ तो तिथं राहावा म्हणून ते थांबले. चार श्वास असतील, पाच असतील. मग बोलले.

"आज मी हात लावलाच नाही."

"म्हणजे?" चिमी हसत होती.

"त्या मिनिटात मी पेट्रोलचा दाब वाढवतो. एक स्क्रू आहे, पाव आटा. दर शर्यतीला. नंतर परत खुणेवर आणतो. आज नाही पिळला." ते मालकांकडे बघत होते, मुलीकडे बघायची हिंमत नव्हती. "डबा बरोबर होता. तक्ताही. हिचं काही चुकलं नव्हतं."

वायर गुंडाळणारे हात थांबले.  बॅटरीवालीच्या डोक्यात तीन शर्यती, दोन तालमी आणि एक कोमट चहा भराभर जागच्या जागी बसत होते, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मालकांचं तोंड उघडं ते उघडंच.

चिमीचं हसू गेलं, पण हात अजून होता.

"त्या वळणावर माझी गाडी अडली, तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"नाही गं. आईशप्पथ, तेव्हा नव्हतं."

"मग कधी कळलं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, असं म्हणता आलं असतं.

"तालमीच्या दुसऱ्या दिवशी."

चिमीनं मनातल्या मनात दिवस मोजले. तिला वेळ मोजायची सवय होती.

"नऊ दिवस," ती म्हणाली. "नऊ दिवस ती माझ्यासमोर रडत होती, आणि तुम्ही रोज माझ्या शेजारी बसून जेवलात."

मिस्त्रींच्या खांद्यावरचा हात निघाला. तिनं तो झटकला नाही, हळूच काढून घेतला. त्यापेक्षा झटकला असता तर बरं झालं असतं. मग ती वळली आणि बॅटरीवालीपाशी जाऊन उभी राहिली. दोघी काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. एकीनं दुसरीच्या हातातली वायर घेतली आणि दोघी मिळून ती उलगडायला लागल्या, कारण आता ती गुंडाळायचं कारण उरलं नव्हतं.

मिस्त्री गाडीशेजारी एकटे उभे होते. खरं बोलल्यावर माणसाला मोकळं वाटतं म्हणतात. त्यांना तसं काही वाटलं नाही. त्या दोन डोक्यांकडे बघताना लाज तर वाटत होतीच, पण लाजेच्या आधी, लाजेहून मोठा, त्यांना वाटला तो हेवाच.